गादी रिकामी राहत नाही

१ जून २००१, शुक्रवार. संध्याकाळी सातच्या पुढे

काठमांडूच्या नारायणहिटी राजवाड्यात आज घरचं जेवण आहे. नेपाळी महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी राजघराण्यातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, ही ठरलेली रीत. पंचांगाने आज जेठ १९, २०५८. जागा त्रिभुवन सदन, बिलियर्ड खेळायची खोली. येणारे सगळे रक्ताचे नाहीतर सोयरिकीचे, दोन डझनांच्या आसपास. घरचा मामला असल्याने एडीसी, म्हणजे लष्करी सहायक, आणि रक्षक आत नसतात, ते बाहेर आपल्या खोलीत बसतात. जगातल्या एकमेव हिंदू राज्याचा राजा आपल्या माणसांत बसणार, तिथे पहारा कशाला?

युवराज दीपेंद्र सगळ्यांच्या आधी येऊन बसले आहेत. वय २९, ईटनमध्ये शिकलेले. पाहुण्यांचं स्वागत करणं, त्यांच्या हाती पेले देणं हे काम आज त्यांच्याकडे आहे. बिलियर्डच्या टेबलावर चेंडू फिरताहेत.

या खोलीत एक विषय कुणी मोठ्याने काढत नाही. युवराजांचं लग्न.

मुलगी त्यांनी स्वतः पसंत केली आहे. वडील पशुपती शमशेर राणा, नेपाळचे शेवटचे राणा पंतप्रधान मोहन शमशेर यांचे नातू आणि स्वतः राजकारणातलं मोठं नाव. आई उषाराजे, ग्वाल्हेरच्या जिवाजीराव आणि विजयाराजे शिंद्यांची कन्या. म्हणजे मुलगी ग्वाल्हेरकर शिंद्यांची नात, आणि शिंदे मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. काठमांडूत या लग्नाला राणी ऐश्वर्या यांचा विरोध असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. कारणं मात्र जितकी तोंडं तितकी. राणीचं माहेर जुद्ध शमशेरच्या शाखेतलं, मुलगी चंद्र शमशेरच्या शाखेतली, आणि दोन शाखांमधली तेढ जुनी. कुणी ज्योतिषाचं नाव घेई. आणि हळू आवाजात आणखी एक कारण सांगितलं जाई : मुलीचं आजोळ मराठ्यांचं, राजपुतांच्या तोडीचं नाही.

हे वाचताना मराठी माणसाच्या काळजात काहीतरी टोचतं. राणोजी शिंद्यांनी बाजीरावांचे जोडे सांभाळले ही कथा आपण अभिमानाने सांगतो, निष्ठेची म्हणून. तीच कथा सोयरिकीच्या बाजारात घराण्याची किंमत पाडायला वापरली जाते. त्यातही विजयाराजेंचं आजोळ नेपाळच्या राणांचंच. मुलीच्या अंगात राणांचं रक्त दोन्हीकडून होतं. पण जात मोजणारा आपल्या सोयीचा धागा उचलतो आणि बाकीचे सोडून देतो.

आठच्या आधी

पाहुणे येताहेत. तेवढ्यात हा उच्चकुळाचा हिशेब कुठून आला ते पाहू, कारण आज रात्री जे घडणार त्याच्या मुळाशी तो आहे असं मला वाटतं.

नेपाळचे शाह जातीने ठकुरी. पृथ्वीनारायण शाहांनी १७६८ मध्ये काठमांडू घेतलं, तेही इंद्रजात्रेच्या दिवशी, आणि कुमारीकडून टिळा लावून घेतला. कुमारी ही नेवार बौद्धांच्या शाक्य कुळातली, देवी मानली जाणारी मुलगी. जिंकणाऱ्या हिंदू राजाला जिंकलेल्यांच्या देवीची संमती हवी होती. घराण्याची वंशावळ मात्र चित्तोडच्या राजपुतांपर्यंत नेलेली. पुढे १८४६ च्या कोतपर्वात दरबारातल्या सरदारांची कत्तल झाली आणि त्यातून जंगबहादूर कुंवर वर आला. हे कुंवर खस क्षत्री, शाहांशी सोयरीक करण्याच्या पंक्तीतले नव्हेत. मग राजाच्या लाल मोहरेने त्यांना ‘राणा’ ही पदवी मिळाली आणि तेही चित्तोडचे झाले. १८५४ मध्ये जंगबहादूरच्या मुलाचं लग्न राजाच्या मुलीशी लागलं. त्याच वर्षी मुलुकी ऐन आला. कोण जानवं घालणारा, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हे सगळं त्याने कायद्याच्या कलमांत बांधलं. स्वतःची जात कागदावर बदलून घेतलेल्या माणसाने बाकीच्या प्रजेची जात कागदावर कायमची केली.

राणांनी हीच फूटपट्टी आपल्या घरातही लावली. आईच्या कुळावरून मुलांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. बायकोच्या हातचा भात चालतो की नाही, एवढ्यावर तिच्या पोटच्या मुलाचं भवितव्य ठरे. १९३४ मध्ये जुद्ध शमशेरने क वर्गाच्या भावांना वारसांच्या यादीतून काढून टाकलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. भोसल्यांची वंशावळही चित्तोडच्या सिसोदियांशीच जोडली गेली. राज्य कमावून झालेल्या शिवाजी महाराजांची मुंज २९ मे १६७४ ला लागली, लग्नं पुन्हा समंत्रक लागली आणि मग ६ जूनला राज्याभिषेक. तलवारीने मिळवलेलं राज्य पोथीने मान्य करावं म्हणून गागाभट्टांना काशीहून यावं लागलं. सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात त्याच घराण्याच्या शाहू महाराजांना त्यांचाच पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणायला तयार होईना. शाह, राणा, भोसले : तिन्ही घराण्यांनी आपलं सोनं कसाला लावायला चित्तोडच्याच दगडावर नेलं.

सव्वाआठच्या सुमारास

नंतर नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालातलं चित्र असं. दीपेंद्र पीत आहेत. ते भरलेल्या सिगारेटी मागवतात. त्यांत गांजाचा अंश आणि जिचं नाव अहवालात दिलेलं नाही अशी एक काळी वस्तू. मग मोबाइलवरून त्या मुलीला फोन. बोलणं थोडकं, पण जीभ जड झालेली. तिला काळजी वाटते आणि ती एडीसीला फोन करून त्यांच्याकडे बघायला सांगते.

साडेआठ

युवराजांचा तोल जातो. धाकटा भाऊ निराजन, चुलतभाऊ पारस आणि आणखी दोघे नातलग त्यांना धरून त्यांच्या खोलीत पोहोचवतात. वडील येण्याआधी त्यांना नजरेआड न्यावं, एवढाच त्यांचा हेतू. प्रत्येक एकत्र कुटुंबात कुणी ना कुणी हे काम केलेलं असतं.

पावणेनऊ

खोलीत गेलेल्या नोकरांना युवराज जमिनीवर दिसतात, कपडे उतरवायच्या खटपटीत. ते नोकरांना बाहेर घालवतात. मुलीला पुन्हा एक फोन : मी झोपतो, उद्या बोलू.

ते झोपत नाहीत. अंगात लष्करी रंगाचा गणवेश चढतो, पायात बूट, हातात काळे हातमोजे. दारातला हुजऱ्या विचारतो, अडीअडचणीची बॅग आणू का? उत्तर मिळतं, आता नको.

या हुजऱ्याचा विचार मनातून जात नाही. युवराज लष्करी वेशात, शस्त्रं घेऊन, जेवणाच्या वेळी घरच्यांकडे निघालेत. विचारावं असं त्याला वाटलं असेल. पण त्याला एवढंच शिकवलेलं की सरकारांना प्रश्न विचारायचा नसतो, काही हवं का एवढंच विचारायचं.

इकडे राजे वीरेंद्र कार्यालयातलं काम आटोपून त्रिभुवन सदनात आले आहेत. आधी राजमाता रत्ना बसल्या होत्या त्या बाजूच्या खोलीत जाऊन त्यांना भेटले आणि मग बिलियर्डच्या खोलीत. वय ५५. या माणसाचा राज्याभिषेक २४ फेब्रुवारी १९७५ ला हनुमान ढोक्यात झाला. गादीवर १९७२ मध्येच बसले होते, पण मुहूर्तासाठी तीन वर्षं थांबले. अभिषेकात चार वर्णांच्या प्रतिनिधींनी चार दिशांनी त्यांना न्हाऊ घातलं : ब्राह्मणाने तुपाने, क्षत्रियाने दुधाने, वैश्याने दह्याने, शूद्राने मधाने. रायगडावरही मोरोपंत पिंगळे पूर्वेला तुपाचा सुवर्णकलश घेऊन उभे होते, हंबीरराव मोहिते दक्षिणेला दुधाचा रौप्यकलश घेऊन. विधी तोच. वर्षभर ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या हातचा मध त्या एका दिवशी राजाच्या मस्तकावर लागतो, कारण त्याच्यावाचून राजा पुरा होत नाही. या विधीत मला सगळ्यात खरी वाटणारी गोष्ट ही. चारही वर्णांचा हात लागल्याशिवाय राजा होत नाही, हे पोथीलाही नाकारता आलेलं नाही.

रात्री नऊच्या सुमारास

दार उघडतं. दीपेंद्र आत येतात. खोलीतल्या काहींना वाटतं, नवीन बंदूक वडिलांना दाखवायला आणली असेल. शस्त्रांचा त्यांना नादच होता.

पहिल्या फैरीत राजे कोसळतात. नात्यातले एक लष्करी डॉक्टर धावतात, आपला कोट काढून राजाच्या मानेच्या जखमेवर दाबून धरतात. राजा त्यांना सांगतो की पोटातही लागलंय. एवढं सांगण्याइतकी शुद्ध त्याला आहे.

दीपेंद्र बाहेर जातात आणि परत येतात. पुन्हा जातात, पुन्हा येतात. एम-१६, एमपी-५, बारा बोरची बंदूक, पिस्तूल. काही मिनिटांचा खेळ. बहीण श्रुती, आत्या शांती आणि शारदा, शारदांचे पती खड्ग, राजाची चुलतबहीण जयंती, धाकटे काका धीरेंद्र. परदेशी स्त्रीशी लग्न करायचं म्हणून धीरेंद्रांनी एकदा राजपुत्राची पदवी सोडली होती. या घरात प्रेमाची किंमत मोजलेला माणूस तोच. शेवटी बागेत आई आणि निराजन.

बागेतल्या छोट्या पुलाजवळ दीपेंद्र सापडतात, डोक्यात गोळी शिरलेली, श्वास सुरू. गोळी डाव्या कानशिलातून गेली आणि ते तर उजव्या हाताने काम करणारे, हा प्रश्न काठमांडूत तेव्हापासून विचारला जातोय. पुष्कळ नेपाळ्यांनी अहवालावर कधीच विश्वास ठेवला नाही. ज्या राज्यात राजा विष्णूचा अवतार मानला जाई, तिथे त्याच्या पोटच्या पोराने त्याला मारलं हे मनाला पटवून घेण्यापेक्षा कारस्थान मानणं सोपं जातं. त्यांना हसण्याचा अधिकार मला वाटत नाही.

मध्यरात्र

छाउनीच्या लष्करी इस्पितळात राजा गेला, राणी गेली. युवराज यंत्रावर श्वास घेताहेत. राजाचे बंधू ज्ञानेंद्र त्या दिवशी पोखऱ्यात होते.

बाहेर शहराला काही कळवलेलं नाही. बातमी मात्र फोनवरून, कानावरून, परदेशी वाहिन्यांवरून पसरते. सरकारी रेडिओ शोकसंगीत लावतो आणि गप्प बसतो. पहाटे लोक राजवाड्याच्या फाटकाशी जमू लागतात.

२ जून, शनिवार. दुपार

या घटनाक्रमातली सर्वांत भयंकर वेळ माझ्या मते रात्रीची नऊची नाही, ही आहे.

राजपरिषद जमली. समोर प्रश्न एकच : गादी रिकामी ठेवायची नाही. १९९० च्या संविधानाप्रमाणे राजा पृथ्वीनारायण शाहांच्या वंशातला, आर्य संस्कृती मानणारा आणि हिंदू असला पाहिजे. थोरला मुलगा या सगळ्यात बसतो. बेशुद्ध आहे, तर चुलत्याला राजप्रतिनिधी नेमता येतं. वडिलांना मारल्याचा ठपका त्याच्यावर येणार, हे त्या खोलीत अनेकांना ठाऊक होतं. पण वंशावळीच्या नियमात ‘काय केलं’ असा रकाना नाही, फक्त ‘कोणाचा’ एवढाच आहे. परिषदेने दीपेंद्रांना नेपाळचा राजा घोषित केलं.

त्याच संविधानाचं ३१ वं कलम सांगतं की राजाच्या कृतीबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही. म्हणजे घोषणा झाल्या क्षणापासून छाउनीतल्या खाटेवर पडलेला तो माणूस कायद्याच्या पलीकडे गेला. त्या मुलीचं आजोळ कोणतं हे वर्षानुवर्षं चाळणीतून गाळणाऱ्या व्यवस्थेला, राजा कोणाला करतोय हे एक दुपारभरही गाळता आलं नाही.

२ जून. संध्याकाळ

बागमतीकाठचा आर्यघाट, पशुपतीनाथाच्या पायथ्याशी. छाउनीहून निघालेली अंत्ययात्रा गर्दीतून येते. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइरालांच्या गाडीवर दगड येतात. घाटावर एकाच संध्याकाळी एकाच घरातल्या चिता. धर्माने अग्नी द्यायचा तो थोरल्या मुलाने. थोरला मुलगा इस्पितळात राजा होऊन पडलाय, आणि धाकटा शेजारच्या चितेवर आहे.

३ जून, रविवार

राजप्रतिनिधी ज्ञानेंद्रांचं निवेदन येतं : स्वयंचलित शस्त्रातून अचानक गोळ्या सुटल्या. ऐकणारा देश अवाक होतो. नंतर त्यांनी सांगितलं की आधी सत्य सांगण्यात कायद्याच्या आणि संविधानाच्या अडचणी होत्या. लोकांना ती लपवाछपवी वाटली. मला त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं वाटतं. राजाने खून केला असं म्हणायला नेपाळच्या राज्यघटनेत वाक्यच नव्हतं.

त्या दिवसांत काठमांडूच्या रस्त्यांवर न्हावी बसले होते. सरकारने पुरुष कर्मचाऱ्यांना क्षौर करायला सांगितलं, पण रांगा त्यांच्याच नव्हत्या. हमाल, रिक्षावाले, कॉलेजातली पोरं पदपथावर मान खाली घालून बसत. न्हावी वाटीतलं पाणी डोक्यावर चोळी आणि वस्तरा कपाळापासून मागे ओढी. पायाशी केसांचे ढीग. अनेक न्हाव्यांनी पैसे घेतले नाहीत. बाप गेल्यावर करतात ते या माणसांनी स्वतःहून केलं. राजाचं नातं खरं कुठे होतं ते त्या केसांत दिसतं. वंशावळीत ते नव्हतं.

४ जून, सोमवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास

राजे दीपेंद्र गेले. राज्यकाल दोन दिवसांचा, एक शब्द न बोलता, अभिषेकाशिवाय.

४ जून. सकाळ

हनुमान ढोका, नासल चोक. राजपुरोहित मंत्र म्हणतात आणि पक्ष्याच्या पिसांचा, हिऱ्या-पाचूंचा श्रीपेच ज्ञानेंद्रांच्या डोक्यावर चढतो. त्यांचं हे दुसरं राजेपण. नोव्हेंबर १९५० मध्ये आजोबा त्रिभुवन भारतीय दूतावासात आश्रयाला गेले, तेव्हा राणांनी मागे राहिलेल्या या तीन वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं होतं, त्याच्या नावाची नाणी पाडली होती. काही महिन्यांत त्रिभुवन परतले आणि मूल पुन्हा राजपुत्र झालं. तेव्हाही मंत्र म्हणणारे होतेच. राजा कोण हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो, पुरोहित त्यावर पाणी सोडतो. आपल्या इतिहासात याहून वेगळं क्वचितच घडलंय.

बग्गी नारायणहिटीकडे निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंडण केलेली डोकी, आणि जयजयकार नाही. दुपारनंतर दगड, अश्रुधूर, संचारबंदी. चार दिवसांत तिसरा राजा.

११ जून. अकरावा दिवस

बागमतीकाठी काळमोचन घाटावर एक ७५ वर्षांचा गरीब ब्राह्मण आणून बसवला आहे. त्याच्या अंगावर राजाचा वेष, डोक्यावर राजमुकुटासारखा मुकुट. भोवती मेलेल्या राजाच्या वापरातल्या वस्तू. त्याच्यासमोर ताट वाढलं जातं. हा कट्टो. परंपरा सांगते की त्या अन्नात मेलेल्या राजाच्या देहाचा अंश असतो. जेवणारा तो पोटात घेतो आणि राजाच्या आत्म्यासह, त्याच्या पापांसह, काठमांडूच्या उपत्यकेच्या, म्हणजे खोऱ्याच्या, बाहेर निघून जातो. परत यायचं नाही.

आपल्याकडे अकराव्याला जेवणारा ब्राह्मण लोक उंबऱ्याबाहेरच बरा मानतात. मृत्यूचे विधी करणाऱ्या किरवंतांना बाकीचे ब्राह्मण कसे दूर ठेवतात, त्यावर प्रेमानंद गज्वींनी ‘किरवंत’ हे नाटक लिहिलं. जातीच्या उतरंडीत माथ्यावरच्या ब्राह्मणाच्या आतही अशी शेवटची पायरी असते, आणि राजवाड्याचं सगळ्यात घाणेरडं काम तिथे जाऊन पडतं. राज्याभिषेक करणारा पुरोहित दक्षिणा घेऊन घरी जातो. राजाचं पाप खाणाऱ्याला घर सोडावं लागतं.

जेवण झाल्यावर त्याला हत्तीवर बसवलं. हत्ती नदीत उतरला, पलीकडच्या काठाला लागला. काठावर उभे असलेले लोक बघत होते. बारा दिवसांपूर्वी ते राजाला बघत असत, आज हा म्हातारा राजाच्या कपड्यांत पाठमोरा होऊन जात होता.

१४ जून

चौकशी समितीने अहवाल दिला. राजा, राणी आणि इतर सगळ्यांना दीपेंद्र यांनीच मारलं, असं त्यात आहे. त्याच दिवशी दीपेंद्रांच्या मृत्यूचा अकरावा दिवस होता. तेही राजे होते, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरा ब्राह्मण बसवला, दुसरं ताट वाढलं आणि दुसरा हत्ती उपत्यकेबाहेर निघाला.